किमयागाराचे गिऱ्हाईक

एखादी दामदुप्पट योजना बुडाली, तिच्या कचेरीस कुलूप लागले आणि दारापुढे ठेवीदारांची गर्दी जमली, म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतून एक ठराविक निकाल दिला जातो. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ मान हलवून म्हणतात, "लोभ नडला, दुसरे काय?" घरातील इतर मंडळी त्यास संमती देतात आणि सर्वजण पुढील बातमीकडे वळतात. या निकालात एक मोठी सोय आहे. फसलेला मनुष्य लोभी ठरला की आपण आपोआप निर्लोभी ठरतो. आणि निर्लोभी मनुष्यास फसण्याचे भय नाही, अशा समजुतीने आपण स्वस्थ होतो. आम्हीही आजवर हा निकाल अनेक वेळा दिलेला आहे. तो सर्वस्वी खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु विपत्काळी अशा योजना इतक्या का फोफावतात, लोकांजवळ पैसा जेव्हा सर्वांत थोडा असतो नेमक्या तेव्हाच ते तो दुसऱ्याच्या हवाली का करतात, या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळत नाही. लोभ मनुष्याच्या ठिकाणी सुकाळी आणि दुष्काळी सारखाच वसतो. तेव्हा दुष्काळात जे विशेष घडते, त्याचे कारणही काही विशेष असले पाहिजे. ते कारण वाङ्मयाने किती ओळखले आहे आणि कोठे ओळखले नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

या विचारास आम्ही प्रवृत्त झालो, ते आमच्या एका वृद्ध गुरुजींमुळे. महाविद्यालयात त्यांनी आम्हांस इंग्रजी नाटक शिकविले. २०२० सालच्या महामारीत त्यांच्या मुलाची नोकरी गेली, घरात दोन आजारपणे झाली, आणि आयुष्यभराची शिल्लक दर महिन्याला थोडी थोडी झिजू लागली. अशा वेळी त्यांचाच एक जुना विद्यार्थी एका योजनेची माहिती घेऊन आला. दरमहा शेकडा पाच व्याज मिळणार होते. विद्यार्थ्याने स्वतःचेही पैसे तीत घातले होते. पहिले चार महिने व्याज ठरल्या तारखेस जमा झाले. पाचव्या महिन्यात कचेरी बंद झाली. ही गोष्ट गुरुजींनी दीड वर्षपर्यंत कोणासही, घरच्या माणसांससुद्धा, सांगितली नाही. आम्हांस ती कळली तेव्हा आमच्या तोंडून सहज निघून गेले, "सर, आपण? आम्हांला 'दि अल्केमिस्ट' शिकविणारे आपण?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिकविले खरे. पण पाचव्या अंकावर परीक्षेत प्रश्न येत नसे, म्हणून तो मी घाईने उरकला. तू तो पुन्हा वाच." आम्हांस आमच्या प्रश्नाची लाज तेव्हा वाटली नाही. घरी येऊन ते नाटक पुन्हा वाचले, तेव्हा वाटली.

बेन जॉन्सनचे हे नाटक १६१० सालचे. त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगची साथ होती, आणि नाटकाची सारी उभारणी त्या साथीवरच झालेली आहे. लव्हविट नावाचा गृहस्थ साथीच्या भयाने आपले घर चाकराच्या ताब्यात देऊन शहराबाहेर निघून जातो. तो चाकर, सटल नावाचा एक भणंग किमयागार आणि डॉल नावाची त्यांची सोबतीण असे तिघे मिळून त्या रिकाम्या घरात दुकान थाटतात. हलक्या धातूचे सोने करून देणे, भविष्य वर्तविणे, पिशाच वश करून देणे असा सर्व प्रकारचा माल या दुकानात मिळतो. नाटककाराने ही योजना केवळ सोयीखातर केली, असे पूर्वी आम्हांस वाटत असे. आता वाटते की, तीत मोठे निरीक्षण आहे. ज्यांच्या नजरेपुढे हे दुकान एक दिवसही चालले नसते, ती जबाबदार माणसे संकट येताच निघून गेली आहेत. ज्यांना जाण्यास ठिकाण नाही ते मागे राहिले आहेत आणि त्यांस उद्याची शाश्वती उरलेली नाही. घर मात्र खरे आहे, प्रतिष्ठित वस्तीतले आहे, आणि त्याचे दार पूर्वीसारखेच उघडते. ठकास आणखी काय हवे?

या दुकानी येणारी गिऱ्हाइके पाहावीत. ॲबेल ड्रगर हा तंबाखूचा लहान दुकानदार. नव्या दुकानाचे दार कोणत्या बाजूस असावे, फळ्या कोणीकडे लावाव्यात, म्हणजे बरकत येईल, एवढेच त्यास विचारावयाचे आहे. वास्तुशास्त्र्यास घर दाखविणाऱ्या आपल्याकडील दुकानदारास हा मनुष्य परका वाटणार नाही. त्याने सहा महिने जपून ठेवलेले सोन्याचे एक नाणे गोड बोलून काढून घेतले जाते. डॅपर हा वकिलाचा कारकून. त्यास जुगारात जिंकून देणारे पिशाच हवे आहे. ॲनाबॅप्टिस्ट पंथाचे दोघे धर्मबंधू आपल्या निर्वासित बांधवांच्या कार्यासाठी सोने मिळवू पाहतात. स्वतःसाठी त्यांस काही नको असते, निदान ते तसे म्हणतात. या सर्वांवर सर एपिक्यूर मॅमन. परीस हाती येताच कोणकोणते भोग भोगीन, याची त्याची वर्णने अजोड आहेत. परंतु या लोभमूर्तीच्या बोलण्यातही एक वाक्य असे आहे की, तिकडे आमचे पूर्वी लक्ष गेले नव्हते. त्या परिसाच्या बळावर तीन महिन्यांत राज्यातून प्लेग घालवून देण्याची तो हमी देतो. ज्यास आपण निखळ लोभ म्हणतो, त्याच्याही स्वप्नात शहरातील साथ शिरलेली आहे.

पुढे सर्ली नावाचे एक संशयी पात्र आहे. त्यास सारे कपट पहिल्यापासून दिसते, आणि वेष पालटून तो ते उघडकीस आणतो. मग काय होते? चौथ्या अंकात त्याच्यावर धावून जातात ते ठक नव्हेत, तर फसलेलीच माणसे. ड्रगर आणि धर्मबंधू, ज्यांच्या भल्यासाठी तो बोलतो आहे, तेच त्यास शिव्या देऊन घराबाहेर काढतात. कारण उघड आहे. ठकाने त्यांचा पैसा घेतला असला तरी आशा त्यांच्याजवळ शिल्लक ठेवली आहे. हा सत्यवक्ता तीही काढून घेण्यास आला आहे.

आता गुरुजींनी सांगितलेला पाचवा अंक. घरधनी परत येतो, ठकांची पांगापांग होते, आणि मॅमन आपला माल मागण्यास येतो. सोने करून घेण्यासाठी त्याने घरातील लोखंडपितळ या घरी पाठविलेले असते, ते सर्व तळघरात पडलेले आहे. लव्हविट ते देण्यास तयार आहे; त्याची अट एकच. आपण फसलो, असा रीतसर दाखला मॅमनने आणावा आणि माल घेऊन जावे. मॅमन म्हणतो, त्यापेक्षा माल गेलेला पुरवला. आणि तो निघून जातो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात अशा व्यवहाराचे सारे मर्म आहे. ठकाचे भांडवल गिऱ्हाइकाच्या लोभावर उभे राहते, हे खरे असेल. परंतु त्याची सुरक्षितता गिऱ्हाइकाच्या लाजेवर उभी असते. गुरुजींच्या दीड वर्षाच्या मौनाचा अर्थ आम्हांस येथे लागला, आणि आमच्या प्रश्नाने त्या मौनास किती पुष्टी दिली असेल, तेही कळले.

जॉन्सनचा एवढा गौरव केल्यावर त्याचा दोषही सांगितला पाहिजे. लाजेचे बळ त्याने ओळखले; परंतु ती लाज त्यास विनोदाचाच विषय वाटली. मॅमन आणि ड्रगर यांना तो एकाच मापाने हसतो. ज्याने भोगासाठी घर रिकामे केले तो आणि ज्याने नव्या दुकानाच्या काळजीपोटी सहा महिन्यांचे नाणे दिले तो, यांच्यात त्यास भेद करावासा वाटत नाही. शेवटी तर लव्हविट चाकरास क्षमा करून स्वतःच त्या लुटीचा मालक होतो आणि प्रेक्षकही त्यास टाळ्या देतात. शहाण्यांनी मूर्खांस लुटावे हा जगाचा न्यायच आहे, असे जणू नाटक सुचविते. बुद्धिमान लेखकाचा हा ठराविक दोष आहे, आणि बुद्धिमान वाचकासही तो फार आवडतो.

मॅमनच्या या परिसावरून आपल्याकडील परिसा भागवताची कथा सहज आठवते. परिसाच्या पत्नीने नामदेवांच्या घरचे दारिद्र्य पाहून त्यांची पत्नी राजाई हिला परीस वापरावयास दिला, आणि नामदेवांस कळताच त्यांनी तो चंद्रभागेत टाकला, ही ती कथा. कीर्तनकार ती सांगतात तेव्हा नामदेवांच्या वैराग्यास श्रोते माना डोलावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु राजाईने त्या परिसापासून काय मिळविले, तर घरात नसलेले धान्य. तिला लोभी म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. कथेचा रोख निराळा असल्यामुळे तिच्या बाजूस कोणी फारसे थांबत नाही, इतकेच. फसलेल्यांची बाजू वाङ्मयात अशीच मागे पडते.

येथे कोणी म्हणेल की, लोकांस साधे गणित येत नाही म्हणून ते फसतात. आम्हांस हे पटत नाही. तीन महिन्यांत पैसे दुप्पट, असे जो सांगतो त्याच्या हिशेबाप्रमाणे एक हजार रुपयांचे पाच वर्षांत शंभर कोटींहून अधिक होतात. वीस वेळा दुप्पट करून पाहावे. शाळेतील मुलासही हे करता येईल. आमच्या गुरुजींसही करता आले असते. अशा योजनेत नफा कोठेच नसतो. मागून येणाऱ्याची रक्कम आधी आलेल्यास व्याज म्हणून मिळते आणि नवे लोक येण्याचे थांबले की सारे कोसळते. हेही आता पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु हिशेब करणे आणि हिशेबावर विसंबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या चार महिन्यांचे व्याज हाती पडले, म्हणजे कागदावरचे गणित मागे पडते आणि खिशातला पुरावा पुढे येतो.

'दामदुप्पट' या शब्दाचाच प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आज तो आमिषाचा शब्द झाला आहे. मूळचा तो ऋणकोच्या रक्षणाचा शब्द. धनकोने एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील नियम; मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत. म्हणजे ज्या शब्दाने सावकारास 'येथपर्यंतच' असे बजावले, तोच आता ठेवीदारास 'येथपर्यंत तरी खास' असे आश्वासन देतो. विपत्काळी मनुष्य अशा सीमारेषांचाच आधार शोधीत असतो. आणि ठक त्यास नवा शब्द देत नाही, जुना विश्वासाचा शब्दच उलटा करून देतो.

विश्वासाच्या या अंगाचे उत्तम चित्र पाहावयाचे तर डिकन्सकडे जावे लागते. 'मार्टिन चझलविट' या १८४३-४४ मधील कादंबरीत एका लबाड विमा कंपनीच्या दारी लाल बंडी घातलेला एक भव्य द्वारपाल उभा असतो, आणि संशयी माणसांची खात्री पटविण्याचे काम ती बंडीच करते. तेथे मात्र डिकन्स अजून हसतो आहे. 'लिट्ल डॉरिट' या १८५५ ते १८५७ मध्ये क्रमशः निघालेल्या कादंबरीत त्याचे हसणे बरेच मावळले आहे. तिच्यातील मर्डल हा कुबेर ज्याच्यावरून सुचला, त्या जॉन सॅडलियरने फेब्रुवारी १८५६ मध्ये विष घेऊन आत्महत्या केली. त्याच्याबरोबर आयर्लंडातील टिपररी बँक बुडाली आणि तीत मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या ठेवी होत्या. १८४५ पासूनच्या भयंकर दुष्काळातून जी माणसे वाचली, त्यांनी पुन्हा गाठीस बांधलेला तो पैसा होता. डिकन्सचा स्वतःचा पिता १८२४ साली कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होता, आणि बारा वर्षांचा डिकन्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात कामास जात होता. तेव्हा पैसा गेलेल्या माणसास तो जॉन्सनप्रमाणे वरून पाहू शकत नाही.

या कादंबरीत मर्डलवरील विश्वासाच्या प्रसारास डिकन्स साथीच्या रोगाची उपमा देतो. ती गाजलेली आहे. पण आमच्या मते ती कादंबरीतील सर्वांत खोल गोष्ट नव्हे. रोगाची उपमा दिली की रोग्याचा विचार संपतो. त्यास काय हवे होते हे विचारण्याचे कारण उरत नाही. खरे दर्शन घडते ते पँक्स आणि क्लेनम यांच्या एका सायंकाळच्या संभाषणात. पँक्स हा भाडेवसुली करणारा, अत्यंत चिकित्सक मनुष्य. त्याच्याच चिकाटीच्या तपासामुळे डॉरिट कुटुंबास हक्काची संपत्ती मिळालेली आहे. असा मनुष्य सांगतो की, मी पुरता हिशेब केला आहे आणि माझे एक हजार पौंड मर्डलकडे घातलेही आहेत. क्लेनम कचरतो. तेव्हा पँक्स त्यास ऐश्वर्याची लालूच दाखवीत नाही. तो म्हणतो की, प्रामाणिकपणे जितके श्रीमंत होता येईल तितके होणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. तुमचा भागीदार डॉइस म्हातारा होत चालला आहे, तो तुमच्यावर अवलंबून आहे.

हा प्रसंग वाचताना आमच्या डोळ्यांपुढे गुरुजींचा तो जुना विद्यार्थी उभा राहिला. तोही लबाड नव्हता. त्याचेही पैसे गेले. ठक स्वतः फार थोड्या लोकांच्या घरी जातो. दारी येतो तो आपला भाचा, आपला शेजारी, आपला सहकारी. आणि तो येतो आपल्यावरील मायेपोटी. त्याचे बोलणे नाकारणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असे होऊन बसते. शिवाय त्याच्या बोलण्यात 'चैन करा' असे कधीच नसते. 'मुलाबाळांचा विचार करा' असे असते. सुस्थितीतील मनुष्य त्यास हसून नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरी मुलाची नोकरी गेली आहे, त्याच्या कानी तेच वाक्य त्याच्याच मनातील टोचणीच्या आवाजात पडते. बुडत्यास काडीचा आधार, असे आपण म्हणतो. बुडणारा काडीच्या लोभाने काडी धरीत नाही, हे त्या म्हणीत उघड असूनही आपण ते विसरतो.

क्लेनमने स्वतःचे आणि पेढीचे द्रव्य मर्डलकडे गुंतविले, मर्डलने आत्महत्या केली, आणि सर्व गेले. येथे डिकन्सने जे केले आहे, ते जॉन्सनच्या पाचव्या अंकास उत्तर म्हणून वाचावे असे आम्हांस वाटते. क्लेनम आपल्या वकिलाचा सल्ला झुगारून सर्व दोष आपला आहे, भागीदाराचा यत्किंचितही नाही, असे जाहीरपणे लिहून प्रसिद्ध करतो, आणि मार्शलसीत जातो. मॅमनने जो दाखला नाकारला, तो क्लेनम आपण होऊन देतो. पँक्स केस उपटीत येतो, मला बोल लावा म्हणून विनवितो. क्लेनम त्यास एका शब्दानेही दुखवीत नाही. आणि पँक्सचे पुढे काय होते? तो आपले हिशेबाचे कागद टोपीत ठेवून फिरतो आणि आकड्यांप्रमाणे आपण आज श्रीमंतच असावयास हवे होते, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करतो. वाचक येथे हसतो. परंतु हे हसणे जॉन्सनच्या हसण्याहून निराळे आहे. जॉन्सन मूर्खास हसवितो. डिकन्स आपणांस अशा माणसास हसवितो की, ज्याच्यासारखे आपले दोन तरी मित्र असतात.

विपत्काळ हा शब्द आम्ही वारंवार वापरला. त्याचे अलीकडील एक मोठे उदाहरण घेऊ. रशियात जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील सरकारी नियंत्रण उठले आणि त्या एका वर्षात किमती पंचवीस पटींहून अधिक चढल्या. जन्मभर सरकारी बँकेत साठविलेले पैसे कवडीमोल झाले. १९९४ च्या आरंभी 'एम.एम.एम.' या मंडळीचे भाग विक्रीस आले, आणि दूरचित्रवाणीवर त्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातीस वाङ्मय म्हणावे की नाही याचा वाद बाजूस ठेवू. परंतु या जाहिरातींतील ल्योन्या गोलुब्कोव्ह हे पात्र टीकाकाराने अभ्यासावे असे आहे. हा खोदयंत्र चालविणारा एक साधा, गोंधळलेला कामगार. त्यास नफा होतो तेव्हा तो राजवाडा घेत नाही. बायकोसाठी बूट घेतो. मग तिच्यासाठी फरचा कोट. एका प्रसंगी त्याचा भाऊ त्यास फुकटखाऊ म्हणून हिणवितो, तेव्हा ल्योन्या दुखावून सांगतो की, मी फुकटखाऊ नाही, या धंद्याचा भागीदार आहे. आणखी एक पात्र आहे मारिना सेर्गेयेव्हना नावाच्या एकाकी बाईचे. ती कोणावरही विश्वास ठेवीत नाही, आणि शेवटी येथे ठेवते.

या जाहिराती लिहिणाऱ्यास नीतिशास्त्रज्ञांपेक्षा मनुष्य अधिक कळला होता, असे खेदाने म्हणावे लागते. त्याने लोभास हाक मारलीच नाही. त्याने हाक मारली ती एका रात्रीत गेलेल्या प्रतिष्ठेस. ज्याची आयुष्यभराची बचत स्वतःचा काही अपराध नसता नाहीशी झाली, त्यास मेहनत आणि काटकसर यांवर व्याख्यान देणे ही थट्टा होय. नियमाने वागून सर्वस्व जाते हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. मग नियमाबाहेरचा नफा त्यास अशक्य का वाटावा? जुलै १९९४ मध्ये हा डोलारा कोसळला. ऑगस्टात त्याचा प्रवर्तक सेर्गेय मावरोदी यास अटक झाली. तेव्हा ठेवीदारांनी निदर्शने केली ती त्याच्या सुटकेसाठी, आणि ऑक्टोबरात तो लोकसभेवर निवडूनही गेला. सर्लीस घराबाहेर काढणारे ड्रगर आणि धर्मबंधू येथे लक्षावधींच्या संख्येने उभे होते. पुढे आल्बेनियात अशाच योजनांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत चढली. १९९७ च्या आरंभी त्या बुडताच जे दंगे उसळले, त्यांत सुमारे दोन हजार माणसे मेली. लोकांनी त्यासाठी घरे आणि गुरे विकली होती. एवढ्या सर्व राष्ट्रास एकाच वर्षी लोभाचा झटका आला, असे म्हणणे हे कारण सांगणे नव्हे.

आमच्यावर एक आक्षेप येईल तो असा की, आम्ही लोभास अगदीच निर्दोष सोडतो. तसे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हा १८६४-६५ मध्ये मुंबईत शेअरांचे जे वेड माजले आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या कागदांवर जी उड्डाणे झाली, ती भरल्या पोटीची होती. तेथे लोभ हे कारण पुरेसे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, सुकाळातील फसवणूक आणि दुष्काळातील फसवणूक यांस एकच नाव असले तरी त्यांचा उगम एक नाही. पहिलीत मनुष्यास आहे त्याहून अधिक हवे असते. दुसरीत जे होते ते परत हवे असते. या दुसऱ्या इच्छेस आपण लोभ म्हणू लागलो, तर घर सावरण्याच्या प्रत्येक प्रयत्नास लोभ म्हणावे लागेल.

आणि हा केवळ शब्दांचा वाद नाही. आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशांची साखळी यांवर बंदी घालणारा कायदा १९७८ चा आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा. परंतु यांतील कोणताही कायदा चालू लागण्यास बहुधा कोणी तरी पुढे येऊन 'मी फसलो' असे म्हणावे लागते, आणि तेही लवकर, ठकाने पैसा हलविण्यापूर्वी. ज्या घरात 'लोभ नडला' हे वाक्य मुलांनी लहानपणापासून चहाबरोबर ऐकले आहे, त्या घरातील मुले उद्या फसली तर ती आपल्या आईबापांकडे येणार नाहीत. ती दीड वर्ष गप्प राहतील, आणि ते दीड वर्ष ठकास मिळेल. आपल्या निकालाची किंमत अशी आपल्याच घरातून वसूल होते.

गुरुजींबरोबर आम्ही पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने त्यांस बसावयास खुर्ची दिली आणि सर्व हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहून द्या, असे सांगितले. त्यांनी ती मराठीत, त्या ओळखीच्या तिरप्या अक्षरात, अडीच पाने लिहिली. विद्यार्थ्याचे नाव लिहिताना ते थांबले, आणि त्याचेही पैसे गेले आहेत असे एक वाक्य त्यांनी पुढे घातले. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. मिळतील की नाही हे आज सांगता येत नाही. परत येताना रिक्षात त्यांनी विचारले, "वाचलास का पाचवा अंक?" आम्ही होय म्हटले. मग घर येईपर्यंत ते लव्हविटविषयी बोलत होते; त्या घरधन्याने शेवटी तो माल स्वतःकडे ठेवावयास नको होता, असे त्यांचे मत आहे, आणि ते आम्हांस मान्य आहे.